गाडी ट्रॅकवर सोडताना

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे ‘रेसर’ असं लिहिलंय. ते आधी दुरुस्त करतो, कारण संध्याकाळपासून तीन जणांनी मला विचारलं की तू किती स्पीडने चालवतोस. मी चालवत नाही. शर्यतीत गाडी चालवतो तो रायडर. त्याची गाडी जी चार-पाच माणसं मिळून उभी करतात, त्यांच्यातला मी एक. साध्या भाषेत मेकॅनिक. माझ्याकडे स्वतःची एक जुनी स्कूटर आहे आणि ती मी पन्नासच्या वर नेत नाही, आईला विचारा.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ‘स्वप्नाचा पाठलाग’ या विषयावर वीस मिनिटं बोल. आता स्वप्न म्हटलं की लोकांना वाटतं लहानपणी मला कुणीतरी मोटरसायकलवर बसवलं आणि वारा लागला वगैरे. तसलं काही नाही. आपली सोसायटी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आपण सगळे पिंपरी-चिंचवडकर, म्हणजे घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. माझ्या लहानपणी जेवताना घरात बोलणं व्हायचं ते शिफ्ट, ओव्हरटाइम आणि कुठल्या पार्टचं रिजेक्शन झालं याचं. त्यामुळे गाडी ही वस्तू कुणीतरी बनवतं, हे मला गाडी आवडायच्या आधीपासून माहीत होतं.

2011 साली मी सातवी-आठवीत असताना महिंद्रा जागतिक मोटरसायकल शर्यतींत उतरली. ज्याला आपण मोटोजीपी म्हणतो, त्याच्याच स्पर्धेत तेव्हा सगळ्यात छोटा गट 125 सीसीचा होता. पुढच्या वर्षी त्या गटाचं मोटो-थ्री झालं. जागतिक ग्रांप्री शर्यतींत उत्पादक म्हणून उतरलेली ही पहिली भारतीय कंपनी. गाडी घडायची युरोपात, रायडर परदेशी, टीममधले बहुतेक लोकही परदेशी. पण टाकीवर नाव आपल्या ओळखीचं. रविवारी दुपारी घरातले सगळे झोपले की मी टीव्हीचा आवाज बंद करून शर्यत बघायचो. एक सांगू का, शर्यतीपेक्षा मला शर्यतीच्या आधीची पंधरा मिनिटं आवडायची. गाड्या रांगेत उभ्या आहेत, टायरभोवती ब्लँकेट गुंडाळलंय, कुणी छत्री धरलीय, आणि दोन माणसं खाली वाकून चाकापाशी काहीतरी करताहेत. कॅमेरा रायडरच्या तोंडावर असायचा. मला खाली काय चाललंय ते बघायचं असायचं, आणि ते कधी नीट दाखवायचे नाहीत.

जून 2016 मध्ये नेदरलँड्समधल्या असेनच्या शर्यतीत महिंद्राची गाडी पहिल्यांदा जिंकली. रायडर होता फ्रान्चेस्को बान्याया, तोच जो पुढे 2022 आणि 2023 ला डुकाटीवर मोटोजीपीचा जगज्जेता झाला. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन बसलो होतो. त्या दिवशी मी ठरवलं की डिप्लोमा संपला की इथेच जायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

डिप्लोमा संपला 2017 ला. आणि त्याच वर्षीचा हंगाम संपल्यावर महिंद्राने त्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. म्हणजे मी कपडे करून, बॅग भरून ज्या घरी जायला निघालो, त्या घराला कुलूप. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, ‘बरं झालं, आता नोकरी बघ.’ मी बघितली. एका सर्व्हिस सेंटरला दोन वर्षं गाड्या धुतल्या, ऑइल बदललं, ब्रेकशू बदलले. दिवसाला दहा-बारा गाड्या. लोक म्हणतात ती दोन वर्षं वाया गेली असतील. मला तसं वाटत नाही. दहा हजार नट हाताने फिरवल्यावर कुठला नट नीट बसलाय आणि कुठला आडवा चढतोय, हे बोटांना कळायला लागतं. ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

त्याच काळात मी आपल्या पार्किंगमध्ये रात्री एक मोडकी गाडी खोलून बसायचो. बी विंगच्या खांबाजवळ तेलाचा जो डाग आहे, ज्याच्यावर दोन वार्षिक सभांमध्ये चर्चा झाली, तो त्या काळातला. त्यानंतर पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे असा ठराव झाला. ठराव बरोबर होता. फक्त ज्या काकांनी तो मांडला, त्यांच्याच स्कूटरचा क्लच मी त्या आठवड्यात दुरुस्त करून दिला होता, हे इतिवृत्तात यायला हवं होतं.

आता भारतात या शर्यती होतात कुठे? आपल्याकडचं या खेळाचं मूळ मद्रासला आहे. शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिच्यावर वर्षानुवर्षं शर्यती व्हायच्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 चा. त्यांनी 1990 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे पक्का ट्रॅक बांधला, साधारण 3.7 किलोमीटरचा. दुसरा ट्रॅक कोइमतूरला, करी मोटर स्पीडवे. एस. करीवर्धन म्हणून शर्यतीच्या गाड्या बनवणारा एक अवलिया माणूस होता, त्याचं नाव. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या मुख्यतः या दोन ठिकाणी होतात. तिसरं दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट, तिथे 2023 च्या सप्टेंबरमध्ये खुद्द मोटोजीपी आली होती. आम्ही तिघे मित्र तिकीट काढून गेलो. उकाडा इतका की मुख्य शर्यत 24 फेऱ्यांची होती ती 21 वर आणली. जगातले सगळ्यात तगडे खेळाडू गाडीवरून उतरून बसकण मारत होते. तेव्हा वाटलं, चला, आपल्या उन्हाने निदान सगळ्यांना एकाच पातळीवर आणलं.

तर काम करायचं म्हणजे तमिळनाडूत जायला हवं. मी दीड-दोन वर्षं टीमना ईमेल करत होतो. उत्तर आलं नाही. शेवटी एका फेरीला स्वतःच्या पैशाने गेलो. पुण्याहून जवळजवळ एक अख्खा दिवस रेल्वेत, पुढे बसने. पॅडॉकमध्ये, म्हणजे जिथे टीमचे तंबू आणि गाड्या असतात तिथे, फिरत राहिलो आणि ज्याच्या हातात काम जास्त दिसेल त्याला विचारत राहिलो. एका टीमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मला फडकं दिलं आणि चाकं पुसायला बसवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन दिवस चाकं पुसली. रविवारी संध्याकाळी अण्णांनी विचारलं, ‘मागच्या चाकाच्या रिमला काय दिसलं?’ मी म्हटलं, व्हॉल्व्हपासून चार बोटांवर बारीक दबलंय. ते म्हणाले, पुढच्या फेरीला ये. ही माझी मुलाखत.

ती 2021 ची गोष्ट. पहिली दोन वर्षं मला एका फेरीचे पाच हजार आणि स्लीपरचं तिकीट मिळायचं, आणि मधल्या काळात इथल्या एका गॅरेजमध्ये काम. आता बरं आहे. गृहकर्जाचा हप्ता भरता येईल एवढं नाही, पण बरं आहे. पेन्शनबद्दल दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मघाशीच विचारलं. नाही, आजोबा.

काम काय असतं ते सांगतो, कारण ते टीव्हीवर अजूनही दाखवत नाहीत.

आमच्या शर्यतीतल्या गाड्या काही अंतराळातून येत नाहीत. 165 सीसीपासून 400 सीसीपर्यंतच्या, शोरूममध्ये मिळणाऱ्याच गाड्यांवरून तयार केलेल्या. आधी हेडलाइट, आरसे, स्टँड, इंडिकेटर सगळं काढतात. रेडिएटरमधला हिरवा कूलंट काढून साधं पाणी भरतात. का? गाडी पडून कूलंट ट्रॅकवर सांडला तर तो तेलासारखा निसरडा, मागून येणारे चार जण त्यावरून घसरतील. पाणी वाळून जातं. म्हणजे हा नियम आपल्या रायडरसाठी नाहीच, मागून येणाऱ्या परक्या पोरासाठी आहे. मला हा नियम फार आवडतो.

मग लॉकवायर. इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या बोल्टला बारीक भोक पाडायचं, त्यातून स्टीलची तार ओवायची, पीळ द्यायचा आणि अशा बाजूने ओढून बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार उलट त्याला आवळेल. असे बोल्ट गाडीवर बरेच. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळायचा आणि त्यावर रंगाच्या पेनाने एक रेघ मारायची, अर्धी बोल्टवर, अर्धी बाजूच्या भागावर. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला. गाडी ट्रॅकवरून आत आली की पहिल्यांदा या रेघा बघायच्या. रायडर काय म्हणतोय ते नंतर.

टायरचं तर वेगळंच शास्त्र. टायर तापला की आतली हवा वाढते. म्हणून थंड असताना मुद्दाम कमी भरायची. किती कमी, ते त्या दिवशीच्या ऊन-सावलीवर. दुपारी दोनला डांबरावर हात ठेवता येत नाही, साडेचारला ढग आले की तोच ट्रॅक वेगळा. मी एका वहीत प्रत्येक सत्राची वेळ, ट्रॅकचं तापमान, जाताना हवा, येताना हवा लिहितो. अशा सहा वह्या झाल्यात. आईला वाटतं रद्दी आहे, दर दिवाळीला मी त्या वाचवतो.

सकाळी साडेपाचला सुरुवात, रात्री अकराला शेवट. यातलं प्रत्यक्ष शर्यतीचं किती? आठ-दहा फेऱ्या, पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात मेकॅनिकला काहीच करता येत नाही. भिंतीपाशी उभं राहायचं आणि आवाज ऐकायचा. ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला गाडी दिसत नाही, फक्त ऐकू येते. वीस गाड्यांत आपली ओळखू येते. खरंच येते, घरातल्या माणसाच्या चपलेचा आवाज ओळखतो तसं.

आणि कधी कधी आवाज थांबतो.

इथे आई-वडील बसलेत म्हणून हे टाळणार नाही. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच चेन्नईच्या ट्रॅकवर, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत, एक तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. बेंगळुरूचा होता, फार गुणी. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. त्या रात्री कुणी कुणाशी बोललं नाही, सगळे सामान भरत होते. मला त्याबद्दल मत द्यायचं नाही. त्या घराला काय वाटत असेल ते मला कळणार नाही. पण इतक्या लहान वयात किती मोठी गाडी हाताखाली द्यावी, हा प्रश्न पॅडॉकमध्ये त्यानंतर मोठ्याने विचारला जायला लागला, आणि तो आधीच विचारायला हवा होता असं मला वाटतं.

त्यानंतरच्या हंगामातली एक गोष्ट सांगतो. आमचा रायडर तेव्हा गुणतक्त्यात दुसरा होता. त्याचं वय बावीस, घरची परिस्थिती बेताची, आणि त्या वर्षी पहिल्या दोनांत आला तर पुढच्या वर्षी मोठ्या टीमकडून बोलावणं येईल अशी चिन्हं. शनिवारी पात्रता फेरीत तो पडला. त्याला खरचटण्यापलीकडे काही नाही. गाडी खडीत दोन-तीन कोलांट्या खाऊन थांबली. शर्यतीला अडीच तास.

अडीच तास म्हणजे भरपूर, असं आम्ही समजतो. हँडलचे दोन्ही बार बदलले, पायठेवणी बदलली, रेडिएटर बदलला, क्लचचं झाकण बदललं. पुढचं शॉकअप काढलं, दोन्ही नळ्या काचेवर ठेवून लोळवल्या. सरळ होत्या. त्या दोन नळ्या वरच्या बाजूला ज्याने धरून ठेवलेल्या असतात, ज्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘टी’ म्हणतात, तो मी पुसत होतो. खालच्या टीच्या बगलेत केसाएवढी रेघ दिसली. खडीचा ओरखडा म्हणा किंवा तडा म्हणा. मी अण्णांना हाक मारली.

तडा आहे की ओरखडा, हे बघायला कारखान्यात लाल रंगाचं द्रव्य मारून वर पांढरी पावडर मारतात. आपल्यातल्या क्वालिटीवाल्या काकांना माहीत असेल. आमच्याकडे तंबूत ते नव्हतं. अण्णांनी जुना उपाय केला. त्या जागी रॉकेल लावलं, दहा मिनिटं थांबले, कोरडं पुसलं आणि खडूची पूड लावली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पूड ओली होते. आम्ही तिघं टॉर्च घेऊन बघत बसलो. मला ओली रेघ दिसली. दुसऱ्या मेकॅनिकला दिसली नाही. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं.

बाकीच्या टीमकडे जाऊन तो पार्ट मागितला. ट्रॅकवर ज्यांच्याशी भांडतो त्यांच्याकडेच पार्ट मागायला जातो, आणि ते देतात, ही या खेळातली सगळ्यात चांगली रीत आहे. चार तंबू फिरलो. त्या मॉडेलचा कुणाकडे नव्हता.

शर्यतीला चाळीस मिनिटं. रायडर म्हणाला, मी चालवतो. जबाबदारी माझी, लिहून देतो. मॅनेजर म्हणाले, ओरखडाच आहे बहुतेक. आणि खरं सांगतो, बहुतेक ओरखडाच असेल असं मलाही वाटायला लागलं होतं, कारण मला तो ओरखडा असायला हवा होता. अण्णा उठले, हॅकसॉ घेतला, तो टी व्हाइसमध्ये धरला आणि मधोमध कापला. दोन मिनिटं लागली. दोन तुकडे भंगाराच्या बादलीत टाकले. मग रायडरला म्हणाले, ‘आता वाद संपला. जेवून घे.’

त्याने त्या दिवशी शर्यत केली नाही. गुण गेले. हंगामाच्या शेवटी तो चौथा आला. मोठ्या टीमचं बोलावणं आलं नाही. अण्णांशी तो जवळजवळ तीन महिने बोलत नव्हता आणि माझ्याशीही, कारण रेघ पहिल्यांदा मी दाखवली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

परवा ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा बाबांनी विचारलं, अरे पण तडा होता का नव्हता? कापल्यावर दिसलं असेल ना? कापलं ते दुसऱ्याच जागी, बाबा. मी नंतर बादलीत हात घालून तुकडे शोधायला गेलो तर अण्णांनी सांगितलं, बघू नकोस. ओरखडा निघाला तर पुढच्या वेळी तुझा हात कचरेल. मी बघितलं नाही. ते तुकडे तिथल्या भंगारवाल्याने नेले.

तो रायडर या वर्षी आमच्याच टीममध्ये आहे. बोलायला लागला, कसं आणि का ते मला माहीत नाही. एका फेरीला आला आणि म्हणाला, मागच्या ब्रेकचं पेडल जरा खाली घे. एवढंच. गाडीवर बसताना त्याने मला आजवर एकदाही विचारलेलं नाही की नट आवळलेस का.

आता छोट्या मंडळींचे प्रश्न. सी विंगमधल्या दोघी बहिणींनी विचारलंय की मुलींना चालतं का. चालतं. राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचा वेगळा गट आहे, आणि मेकॅनिक म्हणून यायचं तर गट-बिट काही नाही, हात चालला पाहिजे. एकाने विचारलंय, दहावीनंतर काय करू? डिप्लोमा कर, आयटीआय कर, इंजिनिअरिंग कर, हल्ली गाडीतून संगणकावर सगळी माहिती उतरते, ती वाचणारी माणसं टीमना हवीच असतात. पण सोबत गाडी खोलायला शिक. आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर जे काही जण गाड्या पळवतात, तुम्ही कोण ते वॉचमनकाकांना माहीत आहे, मला नावं नकोत. ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी असते, मार्शल असतात, समोरून टँकर येत नाही. ज्याला खरंच यायचंय त्याने माझ्याकडे यावं.

पुढची फेरी तीन आठवड्यांनी आहे. सामानाचा टेम्पो इथून बुधवारी रात्री निघेल. त्यात ड्रायव्हर सोडून एका माणसाची जागा आहे. चाकं पुसावी लागतील, आणि आईची परवानगी लेखी हवी, फोनवरची चालणार नाही. कमिटीला एक विनंती, टेम्पो भरायला त्या रात्री पार्किंगमध्ये तासभर जागा द्यावी. खाली पुठ्ठा अंथरू. तेल सांडणार नाही.